एकटीचं उड्डाण

रालित्साची वैमानिक प्रशिक्षणाची शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार की नाही, ते आज ठरणार होतं. परीक्षक स्तामेनोवाबाई कडक चेहऱ्याने धावपट्टीशेजारी उभ्या होत्या. प्रशिक्षक विमानातून उतरले. "जा पोरी, आता एकटी."

विमानाने जमीन सोडली आणि रालित्सा आनंदाने लग्नातलं गाणं बेंबीच्या देठापासून गाऊ लागली. खाली बघते तर मैदानावरचे सगळे हातात हात घालून धावतायत! काहीतरी विपरीत घडलंय असं वाटून तिने विमान खाली वळवलं.

उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "सर, काय झालं?"

"रेडिओचं बटण दाबलेलंच होतं तुझं! अख्ख्या मैदानाने गाणं ऐकलं."

होरो या लग्नातल्या नाचाचा फेर धरलेल्या स्तामेनोवाबाई धापा टाकत ओरडल्या, "पास झालीस गं! आणखी एक चक्कर मार, आमचा नाच अर्धाच राहिलाय!"