शेवटचा विद्यार्थी

"अंगठा," मास्तर म्हणाले.

शिकाऊने सूपच्या बशीच्या काठावरून अंगठा झटकन मागे घेतला. बशी कलली आणि सूप टेबलक्लॉथवर पसरलं. सूप म्हणजे नुसतं पाणीच होतं, पण मास्तरांनी कायमचा डाग पडल्यासारखं तोंड केलं.

"पुन्हा. डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. आणि वाकायचं कमरेतून. नुसती मान खाली घातली की आपण रुसलोय असं वाटतं."

वाकणं हीच शिकाऊची मोठी अडचण होती. पाठ ताठ, चाल भारदस्त. ट्रे हातात असला की चेहरा असा, की पाहुण्यानेच उठून त्याला वाढावं.

नौदलाच्या मेसमधली ही शिकवणी गेले तीन आठवडे रोज चालली होती. दुपारची जेवणं आटोपली की सुरू व्हायची. मास्तर म्हणजे मेसचे चीफ स्टुअर्ड. हा विद्यार्थी त्यांनी काही निवडला नव्हता. तो गळ्यात पडला होता आणि नाही म्हणायची सोय नव्हती. महिनाअखेरीला मास्तर निवृत्त व्हायचे होते. शेवटचा विद्यार्थी नेमका असा निघावा याचं त्यांना हसू येई, आणि खरं सांगायचं तर आता त्याचा लळाही लागला होता.

शिकाऊची परीक्षा शनिवारी होती. दुपारचं जेवण, आठ पानं. मुख्य पाहुणा कोण, हे त्याला माहीत होतं, पण मास्तरांना सांगायला तो तयार नव्हता. एवढंच म्हणाला, की माणूस मोठा आहे, त्याच्यासमोर हातून काही सांडलं तर जन्मभर रुखरुख लागेल, आणि ही संधी पुन्हा यायची नाही. त्याला खरंच भीती वाटत होती. लपवत होता, पण ट्रेवरचे ग्लास किणकिणत होते.

सुरुवातीला चूक दाखवताना मास्तर अडखळायचे. चार दिवसांत जीभ सुटली. तसे ते सगळ्याच शिकाऊंना अहो-जाहो करत, पण 'अहो, अहो' म्हणत सालटी काढायची कला त्यांना चांगली साधली होती.

घरी त्यांनी फक्त 'एक विद्यार्थी आहे' एवढंच सांगितलं होतं.

"कोण हो हा ढ?" एकदा जेवताना बायकोने विचारलं. "तीन आठवडे झाले, अजून ट्रे धरता येत नाही?"

मास्तरांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, की मनापासून शिकतोय माणूस, येईल हळूहळू.

शिकाऊला सगळ्यात जड जाई ते गप्प उभं राहणं. खुर्चीमागे तीन पावलांवर, हात पाठीशी. दर दोन मिनिटांनी त्याला काहीतरी बोलायचं असे. मास्तरांनी बजावलं, की स्टुअर्डला टेबलावरचं सगळं ऐकू येतं आणि काहीच ऐकू येत नाही.

"मग तुम्ही आजवर काय काय ऐकलंत?" शिकाऊने विचारलं.

"काही नाही."

शिकाऊ पोट धरून हसला.

शुक्रवारी ग्लास पुसता पुसता त्याने मास्तरांना त्यांची सगळी वाटचाल विचारली. असं त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी भरती. प्रशिक्षण शाळेत पहिला आठवडा नुसते ग्लास, मग इस्त्री, बिछाने, बटाटे. मग जहाज. पहिल्याच वादळात टेबलक्लॉथ ओला करायचा राहिला आणि त्या कोरड्या कापडावरून सहा ताटं घसरत थेट कॅप्टनच्या मांडीवर गेली. त्यानंतर दर पायरीला परीक्षा, असं करत करत चीफ. एकतीस वर्षं झाली. मुलीचा जन्म झाला त्या दिवशी मास्तर एका परक्या बंदरात, कुणाच्या तरी बढतीच्या पार्टीत चाळीस माणसांना वाढत होते.

"कुणाची बढती?"

"आठवत नाही," मास्तर म्हणाले.

त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला. पगार वेळेवर मिळाला, मुलगी शिकली, लोकांनी नावाजलं, आपली काही तक्रार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिकाऊ मात्र बराच वेळ एकच ग्लास पुसत राहिला.

शनिवारी पांढरा कोट घालून तो पँट्रीत उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मास्तरांनी त्याच्या गळ्याशी सुटलेलं बटण लावून दिलं.

"जमेल तुम्हाला," ते म्हणाले. "मी दारातच आहे."

सात पाहुणे आले. सगळे गणवेशातले कॅप्टन. ते आपापल्या जागी बसले, पण कुणी बोलेना, कुणी शिकाऊकडे पाहीना. इतकं अवघडलेलं टेबल मास्तरांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. टोकाची खुर्ची रिकामीच होती. मास्तर पँट्रीच्या दारात उभे राहून घड्याळाकडे पाहू लागले. मोठी माणसं उशिरा येतात हे त्यांना नवीन नव्हतं, पण सूप निवत चाललं होतं. त्यांनी शिकाऊला खुणेनेच सांगितलं, थांबा.

शिकाऊ थांबला नाही. टोकाच्या खुर्चीपाशी गेला, ती अलगद मागे ओढली आणि दाराकडे वळला.

"या मास्तर. आजचे पाहुणे तुम्ही."

सातही कॅप्टन उभे राहिले. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. ते दारातच उभे राहिले.

"बसा. हुकूम समजा हवं तर," शिकाऊ म्हणाला.

मास्तर गेले, बसले, आणि सवयीने म्हणाले, "होय, ॲडमिरल साहेब."