मुद्देमाल, एक गाय

बहात्तरच्या दुष्काळात चतुराबाईच्या गाईनं सोसायटीच्या कडब्याच्या गंजीत तोंड घातलं आणि फौजदारी झाली. गाय मुद्देमाल म्हणून कोंडवाड्यात गेली अन् सरकारी वैरणीवर अंगानं भरली. कोर्टात मुन्सफसाहेब म्हणाले, "सोसायटीनं तक्रार मागं घेतली. बाई, गाय घरी न्या." चतुराबाईनं हात जोडले. घरी वैरणीची काडी नव्हती. "साहेब, गुन्हा लई मोठा हाय. असं कसं सोडता? तारीख द्या की!" "लोक सुटायला हात जोडतात, तुम्ही अडकायला?" "लोकांची जनावरं उपाशी मेली. माझी तुमच्या कायद्यानं जगवली." जमादार खाकरला. "साहेब, पंचनामा अर्धवट हाय." पंचनामा त्यानंच पुरा केला होता. मुन्सफांनी खिडकीतून कोरडं आभाळ पाहिलं आणि मृगानंतरची तारीख दिली. चतुराबाई डोळे पुसत जमादाराला म्हणाली, "दादा, गाईला सांगा, घाबरू नको. आपुन अजून सुटलो न्हाई."