दवाखान्यातल्या खुर्च्या

"उठा ना हो आई. या दोनच राहिल्यात."

सासूबाई उठल्या नाहीत. मांडीवर पर्स धरून, पाय जुळवून ताठ बसून राहिल्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. बाकीच्या खुर्च्या जुन्या सामानाचा व्यापारी आणि त्याचा माणूस बाहेर टेम्पोत चढवत होते.

सासऱ्यांनी दातांचा दवाखाना थाटला तेव्हाच्या त्या खुर्च्या. एकाच चकचकीत नळीला वळणं देत केलेल्या, लाल रेक्झिनच्या, आणि मागचे पायच नसलेल्या. पेशंट बसायला कचरायचा. बसला की खुर्ची अशी अलगद लवायची की बिचारा घटकाभर दाढ विसरायचा, असं सासरे कौतुकाने सांगत. आता नळ्यांवर गंज चढला होता, रेक्झिनला भेगा पडल्या होत्या. तरी व्यापारी हरखून गेला होता. "असं काम आता बघायला मिळत नाही, ताई," तो येता-जाता म्हणत होता. ती नुसती मान हलवत होती.

तिला खोली रिकामी हवी होती, बस्स. सासूबाईंना आताशा काही आठवत नसे आणि जिना झेपत नसे. रोज त्यांना धरून खाली उतरवायचं, उन्हात बसवायचं, पुन्हा वर चढवायचं. रात्री त्या उठून दार शोधत फिरायच्या, आणि त्यांच्यामागे ही. नवरा बोटीवर. नणंदेचा फोन मात्र न चुकता येई. "आईला जप हं, वहिनी. तिचं मन दुखवू नकोस." वहिनीचं कसं चाललंय हे विचारायच्या आत नेमकी रेंज जाई.

सासूबाईंचा पलंग या खोलीत आणला की निदान जिना तरी सुटेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"आई, उठा. ती माणसं खोळंबलीत."

"माझा नंबर यायचाय अजून."

"कसला नंबर?" तिचा आवाज एकदम चढला. "दवाखाना कधीच बंद झाला! डॉक्टर गेले! कोणी बोलावणार नाही तुम्हाला आत!"

सासूबाईंनी अंग चोरलं. पर्स छातीशी घट्ट धरली.

तिला स्वतःचीच लाज वाटली. पण चुकलं म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीवर तिने अंग टाकलं आणि गाल तळहातावर टेकून डोळे मिटले. खुर्ची जराशी लवली आणि थांबली.

थोड्या वेळाने तिच्या खांद्यावर हात पडला.

"फार दुखतंय का गं?"

तिने डोळे उघडले. सासूबाई तिच्याकडे वाकून बघत होत्या. नजरेत ओळख नव्हती, पण माया होती. कधी ती त्यांना धाकटी बहीण वाटे, कधी कामवाली, एकदा तर चोरच वाटली होती. आज पेशंट.

आई, मी तुमची सून, असं नेहमीसारखं सांगायला तिने तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच.

"हो. दुखतंय."

"कधीपासून?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. उत्तर शोधावं लागलं. "बरेच दिवस झाले."

"आणि इतके दिवस अंगावर काढलंस? वेडी की काय!" सासूबाई रागावल्या. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारलं, "सोबत कोण आलंय तुझ्या?"

तिने मान हलवली. बोलले तर रडू फुटेल, असं तिला वाटलं. ते न बोलताच फुटलं.

सासूबाईंनी पर्स चाचपून रुमाल काढला आणि तिचं तोंड पुसलं. अगदी लहान पोराचं पुसावं तसं, जरा जोरातच. मग तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. खांदा हाडकुळा होता. सकाळी तिनेच आंघोळ घालताना लावलेल्या साबणाचा वास त्याला येत होता. जराच वेळ, तिने मनाशी म्हटलं. मग उठते.

दार वाजलं. व्यापाऱ्याच्या चपला आत आल्या. "ताई, या दोन उचलू ना?"

उठायला हवं, हे तिला कुठून तरी लांबून कळत होतं. पापण्या उचलेनात.

"हळू बोला हो," सासूबाईंचा दबका आवाज तिच्या कानाशी आला. "आत्ता कुठे पोरीचा डोळा लागलाय. तिला बघायला कोणी नाही, म्हणून तर मी थांबलेय."