उष्टं गाणं

धसईत हळदीच्या मांडवात माझ्या पुतणीनं, योगिनीनं, तिचं नवं गाणं स्पीकरवर लावलं. नवं म्हणे! चाल जुन्या लग्नगाण्याची, ठेका आणखी कुणाचा, शब्द तेवढे बदललेले. मी उभा जन्म बँजो वाजवलाय. असल्या गाण्यांना माझा एकच शेरा असतो, "थू! उष्टं गाणं."

तो मारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कडवं संपलं आणि स्पीकरमधूनच कुणीतरी म्हणालं, "थू! उष्टं गाणं."

आवाज माझा होता.

"माझी टिंगल करतेस काय गो?"

"नाय काका, मी नाय घातलं," योगिनी घाबरली होती. "घरी वाजवलं तेव्हा नव्हतं ह्ये."

"चोरीच्या मालात असंच काहीबाही निघणार. आता अस्सल ऐक."

तिनं जिथून चाल उचलली, ते जुनं गाणं मी माझ्या मोबाइलवर लावलं. सनई, ढोलकी, बाईचा खणखणीत गळा. माझी मान डोलायला लागली. कडवं संपलं.

"थू! उष्टं गाणं."

तोच आवाज. माझाच.

ते गाणं निघालं तेव्हा माझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.