तळ्याभोवतीची उलट फेरी

राजाच्या जुन्या बागेत पाऊल टाकताच वकीलसाहेब बायकोवर डाफरले, "किती फटफट वाजतात गं तुझ्या चपला! निवांत फिरायला आलोय ना आपण?" बायकोने तोंड फिरवलं आणि तळ्याभोवतीच्या वाटेने ती उलट्या दिशेला चालू लागली. वाट गोल, त्यामुळे दगडी सिंहापाशी दोघं समोरासमोर आलीच. "आणि तुमचं घोरणं?" एवढंच म्हणून ती पुढे गेली.

उरलेल्या अर्ध्या फेरीत साहेबांनी बिनतोड युक्तिवाद जुळवला आणि मोठ्याने घोकलाही, "झोपेतल्या माणसावर ठपका ठेवता येत नाही. चपला मात्र जागेपणी घातल्या जातात!"

फाटक आलं, पण ती येईना. त्यांनी कान टवकारले, फटफट कुठेच नव्हती. तळ्याकडे नजर गेली. ही पाण्यात तर पडली नाही ना? धापा टाकत ते पळत सुटले. "देवा, ती सुखरूप भेटू दे रे! चूक माझीच. घोरतोही मीच!"

"अहो, थांबा."

सिंहापासूनच मागे फिरून बायको त्यांच्या पाठोपाठ आली होती, अनवाणी, चपला हातात घेऊन.

"युक्तिवाद मघाशीच ऐकला. आता ते शेवटचं तेवढं पुन्हा बोला."