तालमीचा फळा

गेल्या मोसमात मी एकोणतीस गोल खाल्ले. पण आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात अक्षर माझंच बरं, म्हणून यंदाच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या सकाळी कप्तानानं माझ्या हातात खडू दिला. दरवर्षी चौकातल्या फळ्यावर ‘यंदा चषक आपल्याच पेठेत’ असं लिहायची आमची रीत. या वेळी कप्तान म्हणाला, “लोकांना जरा जमिनीवर आण.”

मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘समर्थकांना नम्र विनंती. यंदा फार अपेक्षा ठेवू नयेत. आपला, गोलकीपर.’

समोरच्या दूधकट्ट्यावर गुंडूमामा गिऱ्हाइकांसाठी म्हशीची धार काढत होते. आमची एकही मॅच न चुकवणारा माणूस. चरवी बाजूला ठेवून ते आले, सावकाश फळा वाचला आणि म्हणाले, “अपेक्षा? त्या कुणी ठेवल्यात?”

“मग मॅचला येता कशाला, मामा?”

“म्हस आटली म्हणून कोण दारातनं हाकलतंय व्हय?”

खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी माझं सगळं सुवाच्य अक्षर पुसलं आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘उद्या चार वाजता. सगळ्यांनी यायचं.’

काहीतरी मोठं बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी खडू माझ्याकडे फेकला. तो माझ्या हातांना चुकवून, दोन्ही पायांमधून थेट गटारात गेला.

मामांनी गटाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“तीस झाले,” ते म्हणाले.