सातव्या बेटावरचं घर

जादुई राज्यांच्या लढाईच्या गेमचे तीन नवे पॅक आले होते. कुठला घ्यावा, हे त्याला परीक्षणात वाचकांना सांगायचं होतं. ड्रॅगनचा पॅक डोळे मिटून घ्या, बुटक्यांचा स्वस्त झाला तर बघा. बेटांचा मात्र नकोच. त्यातल्या बेटांची चित्रं त्याच्या बायकोने काढली होती, पण घरचं म्हणून भीड ठेवणाऱ्यांतला तो नव्हता.

त्याने लिहिलं, 'सातव्या बेटावर नुसतं एक घर. आत एक खुर्ची, मोडका हात निळ्या दोरीने बांधलेला. ना खजिना, ना सैनिक. कशासाठी, देव जाणे.'

बायकोने मागे उभं राहून सगळं वाचलं.

"काही चुकलंय?"

"नाही. खजिना नाहीच तिथे," म्हणत ती आत गेली.

तो निर्धास्त मागे रेलला. खुर्चीच्या हाताची निळी दोरी पुन्हा सैल झाली होती. ती त्याने सवयीने, न बघताच आवळली.